लुडविग्सहाफेनचे काउंटी कॅप्टन

इंग्लंडात आयुष्यात एकदाही पाऊल न टाकता तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या काउंटी बुद्धिबळाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस अख्ख्या जर्मनीत एकच असेल, आणि नेमके ते माझे मामेसासरे असावेत, हा मी पत्रिका न बघता लग्न केल्याचा परिणाम आहे. काउंटी म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कपड्यातले क्रिकेटवाले येतात. मामांच्या डोळ्यांपुढे काळ्या कोटातले पन्नास गृहस्थ येतात, त्यांच्या समोर दुसऱ्या काउंटीचे पन्नास गृहस्थ, मधे पन्नास पट, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर निवत चाललेला चहा. त्यातला कोण शाळामास्तर, कोण पाद्री, कोण चर्मकार आणि कोण सरदार, हे मामा आपल्या चुलतभावांची चौकशी केल्यासारखं सांगतात. स्वतःच्या चुलतभावांची नावं मात्र मामींना विचारून घ्यावी लागतात.

मामा मूळचे नागपूरचे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून लुडविग्सहाफेनला नोकरीला आले, तिथेच केस पांढरे करून निवृत्त झाले. पंचेचाळीस वर्षं ऱ्हाइनचं पाणी पिऊनही त्यांच्या बोलण्यातलं नागपूर हललं नाही. फक्त त्यावर जर्मनचा एक थर चढला. "आल्झो, जावईबापू, काय करून राहिले तुम्ही?" असा फोन आला की रविवारचे बेत मी मनातल्या मनात रद्द करतो. हा काउंटीचा नाद त्यांना लागला तो कॉलेजात असताना. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात ते बुद्धिबळ शिकत होते, आणि खेळ सुधारावा म्हणून फुटपाथवरून त्यांनी एका जुन्या इंग्रजी बुद्धिबळ मासिकाचा बांधलेला खंड घेतला. पुढचं पान नाही, मागचं पान नाही. घरी येऊन उघडून बघतात तर आत डाव थोडे आणि काउंटी सामन्यांच्या याद्या फार. डावीकडे एका काउंटीची नावं, उजवीकडे दुसरीची, मधे एक, शून्य किंवा अर्धा. दुसरा कोणी असता तर रद्दीत देऊन मोकळा झाला असता. मामांनी ती नावं वाचायला घेतली आणि अजून वाचतायत.

मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मानहाइम स्टेशनवर, लग्नाच्या आधी, ओळखीच्या ओळखीतून ते मला उतरवून घ्यायला आले होते तेव्हा. पुण्याहून आलेला मेकॅनिकल इंजिनीअर, दोन मोठ्या बॅगा, खिशात नोकरीचं पत्र, अंगात अपुरं जॅकेट. प्रवास कसा झाला, जेवलात का, असलं काहीही न विचारता मामा म्हणाले, "घोडा कसा चालते, माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो, अडीच घरं. "बस. सहावा बोर्ड पक्का." जर्मनीत आलेला माणूस आधी राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन आपला पत्ता नोंदवतो. माझी या देशातली पहिली नोंदणी गावच्या बुद्धिबळ क्लबात झाली, तिसऱ्या संघात, शेवटच्या बोर्डावर. राटहाउसचा नंबर त्यानंतर चार दिवसांनी लागला, आणि तिथल्या बाईंनी जर्मनीत येण्याचं कारण विचारलं तेव्हा मामा माझ्या वतीने "मानशाफ्ट्सकाम्फ", म्हणजे संघाचा सामना, असं सांगून मोकळे झाले होते.

मामांना माणसं नावाने लक्षात राहत नाहीत, बोर्डाने, म्हणजे संघातल्या पटाच्या क्रमांकाने राहतात; सगळ्यात तगडा पहिल्यावर, मग उतरत्या क्रमाने. आमच्या लग्नात त्यांनी वधूपक्ष आणि वरपक्ष समोरासमोर बसवायची टूम काढली होती: इकडचे थोरले काका तिकडच्या थोरल्या काकांसमोर, दुसरे दुसऱ्यांसमोर, अशी उतरती भाजणी. माझ्या आतेभावाला अकरावा बोर्ड मिळाला म्हणून तो रुसला. मामांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "अकराव्याचा गुण पहिल्याएवढाच मोजतात बाप्पा, कमी नाही मोजत." तो आतेभाऊ आजही फोनवर "तुमचे ते मामा कसे आहेत" असं आधी विचारतो आणि माझी चौकशी नंतर करतो.

त्या जुन्या सामन्यांतली मामांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे निकाल देणं. त्या काळी वेळ संपली, लोकांना परतीची गाडी पकडायची असली की अर्धवट डाव तिथेच थांबवायचे आणि कोणीतरी जाणता माणूस पट बघून ठरवायचा, हा जिंकला, तो हरला, हे दोघे बरोबरीत. मामांनी हा रिवाज संसाराला लावला. आम्ही पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा, इथल्या पद्धतीप्रमाणे, त्याला स्वयंपाकघरच नव्हतं. चार भिंती आणि एक नळ. ओटा-कपाटं नवी घ्यायची की आधीच्या भाडेकरूची जुनी, यावर माझं आणि बायकोचं तीन आठवडे चाललं होतं. मामा आले, दोघांची बाजू ऐकली, मधे चहा घेतला, आणि सहा वाजता घड्याळ बघून उठले. "वेळ संपली. निकाल देतो. ओवन नवा, कपाटं जुनी, दोघांना अर्धा-अर्धा." आश्चर्य म्हणजे आम्ही तसंच केलं, आणि ते स्वयंपाकघर अजून चाललंय. मामींवर मात्र या रिवाजाचा काही परिणाम होत नाही. "यांनी माझ्या भांडणाचा निकाल देऊन तर पाहावा," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या, आणि तो डाव मामांनी आजतागायत हाती घेतलेला नाही.

संघाचे कॅप्टन अर्थातच मामा. पहिला बोर्डही त्यांचाच, जरी खेळ पहिल्या बोर्डाचा नसला तरी. शंभर वर्षांपूर्वी बरी समजली जाणारी सुरुवात ते आजही त्याच श्रद्धेने करतात आणि पंधराव्या खेळीपर्यंत एक उंट घालवून बसतात. दुसऱ्या बोर्डावर एक निवृत्त बसचालक. चाळीस वर्षं बस चालवलेला हा माणूस "या" आणि "नाइन", म्हणजे हो आणि नाही, यांच्यापलीकडे सहसा जात नाही. तिसऱ्यावर अपोथेकेतल्या, म्हणजे औषधांच्या दुकानातल्या बाई. चौथ्यावर आखनहून पीएच.डी. करायला इकडे आलेला अमरावतीचा एक विद्यार्थी. पाचव्यावर माझी चौदा वर्षांची मुलगी. आणि सहाव्यावर, मुलीच्या खाली, मी. तिला सगळं मराठी समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि मी हरलो की तेही देत नाही.

जुन्या सामन्यांत मधे चहाची सुट्टी असायची, म्हणून आमच्या सामन्यांतही बारा वाजता मामा पिशवी उघडतात. मामींनी केलेले आलूबोंडे, हिरवी चटणी, आणि थरमासात वेलचीचा चहा. जर्मन माणूस खेळताना फार तर एक केक खातो, तोही बिनआवाजाचा. पहिल्या वर्षी समोरचे संघ घाबरून भिंतीला टेकले. दुसऱ्या वर्षी एकेक हात पुढे आला. आता आमच्याशी सामना असला की काही संघ नाश्ता न करताच येतात.

एकदा मी चिडून विचारलं, "मामा, या नुसत्या याद्यांत तुम्हाला एवढं काय दिसतं? डाव नाहीत, खेळी नाहीत, मेलेल्या माणसांची आडनावं आहेत." नेहमीसारखा विनोद होईल असं वाटलं होतं. मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, माझ्या आजोबाचं नाव कोणत्याच कागदावर नाही. जमीन नाही, शाळा नाही, हजेरी नाही. ते होते, एवढं माझ्या वडलांनी सांगितलं म्हणून मला माहीत. अन् इथं बघा, पन्नासाव्या बोर्डावर हरलेल्या माणसाचंही नाव छापून ठेवलं आहे. हरला, पण आला होता. गेनाऊ?" मीही गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं. त्यानंतर गावच्या साप्ताहिकात सामन्याचा निकाल देताना सहाही जणांची नावं छापली पाहिजेत म्हणून ते संपादकबाईंशी भांडतात, तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

हा संघ गेल्या वसंतात जाता जाता राहिला. आमच्या लीगचा एक नियम आहे: सामना सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात जो पोचला नाही त्याचा डाव गेला, एकापेक्षा जास्त माणसं कमी पडली तर सामना गेला, आणि एका हंगामात असं दोनदा झालं तर संघच यादीतून बाद. जानेवारीत फ्लूने आमची चार माणसं झोपवली आणि एक सामना तसा गेला होता. राहिला शेवटचा, फाल्त्सच्या द्राक्षमळ्यांतल्या एका गावात, रविवारी सकाळी दहाला. संघ बाद झाला तर बाकीचे आम्ही दुसऱ्या संघात कुठेतरी मावलो असतो. मामा कुठे मावले असते हे कोणालाच माहीत नव्हतं. मामींनी मला फोन केला. "अहो जावईबापू, यांनी दोन दिवस कशाचाच निकाल दिला नाही. मी मुद्दाम मीठ कमी टाकलं, तरी बोलले नाहीत. तेवढं सांभाळून न्या."

मी दोन गाड्यांची सोय केली, माझी आणि अपोथेकेतल्या बाईंची. मामांनी ती झटक्यात मोडीत काढली. काउंटीचे संघ आगगाडीने जात, एका डब्यात बसून. "कारमध्ये चार माणसं असतात, जावईबापू. संघ आगगाडीत असते." या वाक्यापुढे मी आजवर कधी जिंकलेलो नाही. तेव्हा सहाजण आगगाडीने निघालो, आलूबोंड्यांचा वास सगळ्या डब्यात, मामा खिडकीशी बसून विद्यार्थ्याला कुठल्याशा काउंटीच्या बत्तिसाव्या बोर्डाची कर्मकहाणी सांगतायत. जंक्शनला उतरलो, आणि तिथून पुढची छोटी गाडी रद्द झाल्याचं फलाटावरच्या पाटीने सांगितलं. पुढची तासाभराने. रविवारची सकाळ, गावात टॅक्सी नाही. समोरच्या कॅप्टनला फोन लावावा तर सामन्याच्या दालनात फोन वाजला की डाव जातो, म्हणून सगळ्यांचे बंद. साडेनऊ वाजले होते आणि गाव चार किलोमीटरवर, चढावर.

आम्ही चालायला लागलो. तरुण माणसाला ते अंतर काहीच नाही. पण सत्त्याहत्तराव्या वर्षी, हातात बोंड्यांची पिशवी, ती दुसऱ्या कोणाला द्यायला तयार नाही, असा माणूस बरोबर असला की चार किलोमीटरचे आठ होतात. दोनदा ते देखावा बघायच्या निमित्ताने थांबले. तिसऱ्यांदा निमित्त सापडलं नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी ते मळ्याच्या कडेच्या एका बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. पाच जण पोचले तर संघ वाचते. माझा एक बोर्ड गेला तर गेला. मी येतो मागून."

हिशेब अगदी बरोबर होता. आम्ही पाचजण भराभर निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. मामांचा संघ वाचला असता, फक्त मामांना तिथे एकटं सोडून. कोणी हललं नाही. मामांचा आवाज चढला. "मी कॅप्टन आहे. हुकूम आहे माझा. जा!" जर्मन लोक हुकूम पाळतात असं आपण ऐकलेलं असतं. बसचालकाने खांद्यावरचा थरमास खाली ठेवला, बाकावर मामांच्या शेजारी बसला, आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण केलं. "नाइन, कॅप्टन. चाळीस वर्षांत मी स्टॉपवर माणूस सोडून गेलो नाही." अपोथेकेतल्या बाईंनी मनगट धरून नाडी मोजायला घेतली. विद्यार्थ्याने पिशवी काढून घेतली. माझी मुलगी मामांसमोर उभी राहून जर्मनमध्ये म्हणाली, "आम्ही सगळे थांबलोय. उशीर तुम्ही करताय." मामा बसचालकाच्या खांद्यावर हात टेकून उठले.

त्या दालनात शिरलो तेव्हा दहा एकोणचाळीस झाले होते. समोरचा कॅप्टन हा एक आडदांड द्राक्षबागाईतदार. नियमांच्या बाबतीत त्याचा एवढा दरारा की आदल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्याने पाण्याची बाटली जोरात उघडली म्हणून त्याने लेखी तक्रार केली होती. त्याचे सहाही खेळाडू जागेवर बसलेले, सोंगट्या मांडलेल्या. मामा सरळ त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, "आम्हाला उशीर झाला. नियमाप्रमाणे सामना तुमचा." बागाईतदाराने त्यांच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "कसला उशीर? सामना सुरूच झालेला नाही. घड्याळं कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली सापडत नाहीये. आम्ही पाऊण तास शोधतोय."

किल्ली कपाटालाच लावलेली होती. बुचाचा एक मोठा लाल गोळा तिला बांधलेला होता, तो दारातूनही दिसत होता. त्याच्या सहा खेळाडूंपैकी एकही तिकडे बघत नव्हता. मामा खुर्चीवर टेकले, अपोथेकेतल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं, त्यांचा श्वास खाली बसला, आणि मग बागाईतदार कपाटाशी जाऊन "आख, इथेच की!" असं इतक्या वाईट अभिनयाने ओरडला की माझ्या मुलीला तोंड दाबून घ्यावं लागलं. सामना आम्ही चार-दोनने हरलो. मामांनी बरोबरी केली. संघ यादीत राहिला. परत जाताना बागाईतदाराने आपल्या मोठ्या व्हॅनमधून आम्हाला जंक्शनपर्यंत सोडलं. सहाही माणसं एकत्र मावत असल्यामुळे मामांनी व्हॅनला आगगाडीचा दर्जा दिला. वाटेत ते म्हणाले, "शंभर वर्षं मागं जाऊन शोधतो आहे मी. असा कॅप्टन मला एकाही यादीत सापडला नाही."

उन्हाळ्यात नव्या हंगामाचा फॉर्म भरायला मामा मामींना घेऊन आमच्याकडे आले. सहा नावं झाली, आणि कॅप्टनच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. शेवटच्या बोर्डावर स्वतःचं. मी पेन काढून घ्यायला गेलो. "मामा, हे काय? मला नाही जमणार."

"त्या बाकावर मी हुकूम दिला, तो एकानंही पाळला नाही. ज्याचा हुकूम पाळत नाहीत तो कॅप्टन राहत नाही."

"कोणत्या नियमात आहे हे?"

"नाही कुठं. असायला पाहिजे होतं." मग हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर म्हणते, चढ नको. खेळायला हरकत नाही म्हणते. माणसं मोजत फिरायचं काम तुम्ही घ्या आता." मामी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी सही केली.

परवा रविवारी नव्या हंगामाचा पहिला सामना झाला, आमच्याच गावात. मी सकाळपासून सहा माणसं सोळा वेळा मोजली. एकेक डाव संपत गेला, विद्यार्थी जिंकला, माझी मुलगी जिंकली, आणि दीड वाजेपर्यंत सहापैकी आमचे साडेतीन गुण झाले होते, म्हणजे सामना आमचा. फक्त शेवटच्या बोर्डावर मामांचा डाव चालू होता. कोट सैल झालाय त्यांना आता. पटावर दोन प्यादी कमी, राजा उघड्यावर. समोर बसलेला सज्जन माणूस होता. त्याने पाहिलं, वयाकडेही पाहिलं असेल, आणि बरोबरीचा प्रस्ताव दिला. संघाच्या सामन्यात अशा वेळी खेळाडूला आपल्या कॅप्टनला विचारता येतं, घेऊ की खेळू. दुसरं काही विचारता येत नाही आणि कॅप्टनला दुसरं काही बोलता येत नाही. इतकी वर्षं मी खुर्चीत वळून मामांना हे विचारत आलो होतो.

मामा हळूहळू खुर्चीत वळले. लग्नापासून त्यांनी मला जावईबापूशिवाय दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेली नाही.

"कॅप्टन, बरोबरी घेऊ का?"

पट मला दिसत होता. कोणीही शहाणा माणूस घ्या म्हणाला असता. सामना जिंकलेला होता, मामा थकले होते, समोरचा देत होता. पण मला तो डाव संपायला नको होता.

"खेळा, मामा," मी म्हणालो.

मामांनी समोरच्याकडे पाहून नम्रपणे मान हलवली, चष्मा पुसला, आणि खुर्ची पुढे ओढली.